भाचीचा तबला, दोन क्लास आणि एक न दिलेली परीक्षा

प्रकरण माझ्या बहिणीच्या घरचं आहे, अमळनेरचं. ताईला विचारूनच लिहितोय, नावं टाकू नको एवढीच तिची अट. मी स्वतः जळगावला असतो, नोकरी भलतीच काहीतरी, पण पेटी वाजवतो, म्हणजे भजनाला साथ आणि तबलेवाल्याला लेहरा, म्हणजे मागे फिरत राहणारी सुरांची ओळ, धरून देण्याइतपत, त्यामुळे घरात गाण्याबजावण्याचं काही निघालं की फोन मलाच येतो. ताई आणि दाजी दोघांनाही संगीतातलं काही म्हणजे काही कळत नाही आणि तरीही त्यांनी जे केलं ते बऱ्याच जाणकार घरांत होत नाही, म्हणून हे सगळं लिहून ठेवावंसं वाटलं.

१५ डिसेंबर २०२४ ला उस्ताद झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्कोत वारले आणि मग आठवडाभर ज्याच्या त्याच्या मोबाइलवर त्यांचेच व्हिडिओ. भाची तेव्हा चौथीत. तिने ते व्हिडिओ किती वेळा पाह्यले देव जाणे, पण डबे, पाट, दाजींच्या कृषी केंद्रातली फवारणीच्या औषधांची रिकामी खोकी, जे दिसेल ते वाजवायला लागली आणि मला तबलाच शिकायचा म्हणून बसली. आजीने (दाजींच्या आईने) लगेच सुरू केलं, "आंडेर हुईसन तबला कुटस माय, पेटी शिकाडा तिले." (पोरगी असून तबला कुटते, पेटी शिकवा तिला.) मी आजींना अनुराधा पाल यांचा एक व्हिडिओ दाखवला, आबान मिस्त्री यांच्याबद्दल सांगितलं की बाईने कित्येक वर्षांपूर्वी स्टेजवर एकटीने तबला वाजवून दाखवलाय. आजींनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाह्यला आणि विचारलं, "तिना हात दुखतस नही का व?" तेव्हा सगळे हसले होते. पुढे हाच प्रश्न खरा निघाला.

पहिला क्लास

जानेवारी २०२५ ला क्लास लावला. गावातच, घरापासून चालत जाण्यासारखा, फी महिन्याला पाचशे. सर माणूस म्हणून अजिबात वाईट नाहीत, हे आधीच सांगतो, तालुक्याच्या गावात इतकी वर्षं तबल्याचा क्लास टिकवणं सोपं नाही, त्यांच्याकडून शिकलेली पोरं आज भजनाला, ऑर्केस्ट्राला वाजवून चार पैसे कमावतात. पण बॅचमध्ये पंधरा-सोळा पोरं, वय आठ ते अठरा, आणि तबल्याच्या जोड्या पाच-सहा. ज्याला जोडी मिळाली तो जोडीवर, बाकीचे बाकावर वाजवणार. सर फळ्यावर कायदा (बोलांची ठरलेली रचना) लिहिणार, "धाधा तेटे धाधा तिना, ताता तेटे धाधा धिना", पोरांनी तो वहीत उतरवायचा आणि मग सगळ्यांनी एकदम सुरू करायचं. आवाज एवढा की आपला 'ना' लागला का नाही हे ज्याचं त्यालाच ऐकू येत नाही, सरांना कुठून येणार.

गांधर्वची परीक्षा हे क्लासचं मुख्य. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात, प्रारंभिकपासून प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण असं करत विशारदपर्यंत. मला परीक्षेचं वावडं नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं म्हणून तर गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहून सेवा न करताही साध्या घरातल्या पोरांना वर्गात बसून शिकायची सोय झाली, आणि अभ्यासक्रम नसता तर अमळनेरसारख्या गावात कुणाला काय शिकवायचं याचा पत्ता लागला नसता. अडचण होते ती अभ्यासक्रम हातात बसायच्या आधीच फॉर्म भरला जातो तेव्हा.

दाजींना मात्र परीक्षा फार पसंत. कारण उघड आहे, शास्त्रीय कलेच्या परीक्षा पास असल्या की दहावीला वाढीव मार्क मिळतात, दुकानावर येणारा दुसरा पालक तेच सांगतो. पोरगी चौथीत आणि हिशोब दहावीचा! पण त्यांना एकट्याला काय बोलायचं, अर्धं गाव त्याच हिशोबाने क्लास लावतं.

१५ ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी सरांनी मोठ्या पोरांसोबत लहानांनाही एक रेला, म्हणजे भराभर वाजवायची रचना, बसवला. रोज जादा प्रॅक्टिस. कार्यक्रम झकास झाला, टाळ्या पडल्या, दाजींनी स्टेटस ठेवलं. त्याच आठवड्यात ताईच्या लक्षात आलं की पोरगी गृहपाठ लिहिता लिहिता पेन ठेवते, हात झटकते, परत लिहिते. विचारलं तर काही नाही म्हणते. मग जेवताना डाव्या हाताने घास घ्यायला लागली तेव्हा ताईने मला फोन केला.

मी रविवारी गेलो आणि तिला म्हणलं वाजव. वेग होता पोरीला, खोटं कशाला बोलू, नऊ-दहा वर्षाच्या मानाने भरपूर वेग. पण खांदे कानापर्यंत चढलेले, श्वास धरलेला, अनामिका मधल्या काळ्या शाईच्या कडेला टेकायची तर ती हवेत, आणि 'ना' म्हणजे चाटेवर (कडेच्या पट्टीवर) पहिल्या बोटाचा घुमणारा आवाज यायला पाह्यजे तर तो टेबलावर चापट मारल्यासारखा. सगळा जोर मनगटातून. मी तबल्याचा माणूस नाही, पण वर्षानुवर्षं तबलेवाल्यांच्या शेजारी बसून एवढं दिसायला लागतं. मग म्हणलं तबला राहू दे, हातावर टाळी देऊन तीनताल म्हण. सोळा मात्रा, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली, म्हणजे टाळी न देता हात उघडा सोडायचा ती जागा, नवव्या मात्रेवर. ठेका (तालाचे ठरलेले बोल) तोंडपाठ होता पण टाळी आणि बोल जुळेचनात, आणि दुगुन (दुप्पट वेगाने) म्हण म्हणलं तर सम (पहिली मात्रा) कुठल्या कुठे. म्हणजे आठ महिन्यांत बोटांनी बरंच काही पाठ केलं होतं आणि ताल अजून डोक्यात शिरलाच नव्हता.

ही हातावरची परीक्षा ताईने तिथल्या तिथे शिकून घेतली. तिला सूर कळत नाही, घराणं कळत नाही, पण सोळापर्यंत मोजता येतं आणि 'धा' परत पहिल्या टाळीवर आला का नाही हे दिसतं. माझ्या मते संगीत न कळणाऱ्या आई-बापाला एवढं हत्यार पुष्कळ आहे.

शोध

आता नवीन कोण? अमळनेरात विचारलं तर सगळे त्याच सरांचं नाव घेणार किंवा त्यांच्याच विद्यार्थ्याचं. दाजींनी नेटवर शोधून पुण्याच्या एका ऑनलाइन क्लासची ट्रायल लावली. शिकवणारा मुलगा चांगला होता, समजावून सांगत होता, पण व्हिडिओ कॉलमध्ये आवाज अर्धा सेकंद मागेपुढे, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवणं जमतच नाही. त्यातून आपल्या बोलण्याशिवायचा आवाज ही ॲप गोंगाट समजून कापून टाकतात, तबल्याचा निम्मा आवाज पोचतच नव्हता. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची सेटिंग असते, ती चालू केल्यावर बरं झालं. पण तरी कॅमेरा एक, हात दोन, आणि पोरीचा खांदा पुण्याहून कोण खाली दाबणार. पाया पक्का झालेल्यासाठी ऑनलाइन ठीक आहे, हात बसवायचाय त्याच्यासाठी मी तरी सांगणार नाही.

मग जळगाव. इथे माझा उपयोग झाला. जळगावला दरवर्षी जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. (बालगंधर्वांचं सुरुवातीचं शिक्षण जळगावातच, मेहबूब खाँ यांच्याकडे झालं, हे आपल्याच पोरांना माहीत नसतं.) मी जमेल तेव्हा जातो आणि माझी एक खोड आहे, कलाकारापेक्षा प्रेक्षकांत कोण बसलंय ते बघायची. काही शिक्षक पहिल्या रांगेत फोटोपुरते येतात. काही अजिबात दिसत नाहीत. आणि एखाददुसरे असे असतात की सात-आठ पोरं घेऊन बाजूला बसलेले, पोरांची बोटं मांडीवर चाललेली, आणि मध्यंतरात चहा घेता घेता त्यांना विचारताहेत, आत्ता तिहाई कुठून उचलली रे? (तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं.) शिक्षक शोधायचा असेल तर मला याच्याहून चांगली जागा माहीत नाही. गावातल्या पेटीवाल्यांना, गाणाऱ्यांना विचारणं हाही रस्ता आहे, कारण त्यांना कोणाचे विद्यार्थी लयीत पक्के असतात ते अनुभवाने ठाऊक असतं, पण तिथे दोस्ती-यारी मध्ये येते.

तर दोन नावं काढली. एक नावाजलेले वादक, लग्नाच्या संगीतापासून मोठ्या गवयांच्या साथीपर्यंत सगळं केलेले, हात असा की ऐकत राहावं. ताई पोरीला घेऊन गेली, मीही होतो. तासभर बसलो, त्यातला पाऊण तास ते स्वतः वाजवत होते, पोरगी आणि आम्ही सगळे तोंड उघडं ठेवून ऐकत होतो. मग तिला म्हणाले, हे बघ असं, कर. तिने केलं, चुकलं. ते म्हणाले, नाही, असं, आणि परत स्वतः वाजवून दाखवलं, आधीपेक्षा सुंदर. ती परत चुकली. तिची चूक नेमकी कुठे होते हे त्यांनी एकदाही पाह्यलं नाही, कारण ती वाजवत असताना ते पुढचं काय दाखवायचं त्याच्या तयारीत होते. बाहेर आल्यावर दाजी (फोनवर) म्हणे, मग ठरलं ना, एवढा मोठा माणूस आहे. ताई म्हणाली, माणूस मोठा आहे, पण त्यांनी तिचा हात पाह्यलाच नाही.

हे वाक्य माझ्या कायमचं लक्षात राहिलं. आपण पालक लोक विचारतो सर वाजवतात कसे, कोणाचे शिष्य, टीव्हीवर आलेत का. पोरगं चुकल्यावर सर काय करतात हे विचारत नाही, आणि ते विचारून कळतही नाही, क्लासमध्ये कोपऱ्यात गप बसून बघावं लागतं. जो शिक्षक पालकाला एकदाही बसू देत नाही त्याच्याबद्दल मला आधीपासून शंका असते. रोज बसू नये हे खरं, पोरं आईकडे बघून वाजवतात मग.

दुसऱ्या एक मॅडम. घरीच शिकवतात, एका वेळी दोन-तीनच मुलं. त्यांनी भाचीला वाजवायला सांगितलं आणि रेला संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, बेटा दुखतं कुठे? आम्ही कोणी हाताचं काही बोललो नव्हतो. तिने मनगट दाखवलं. मॅडमनी तबला बाजूला सारला, पढंत करायला, म्हणजे बोल तोंडाने म्हणायला लावलं, खाली कुठे आहे विचारलं, ती चुकली तर "नवव्या मात्रेवर" असं न सांगता स्वतः हळू टाळी देत राहिल्या आणि तिला तिचीच चूक सापडेपर्यंत थांबल्या. पाच मिनिटं गेली असतील, मला बसल्या जागी अवघडल्यासारखं झालं, पण त्यांना काही घाई नव्हती. मग तिच्या बुडाखाली घडी घातलेली सतरंजी सरकवली, कारण ती खाली बसत होती आणि हात वर उचलून वाजवत होती. एका सतरंजीने खांदे निम्मे खाली आले.

शेवटी ताईला प्रश्न. घरी रियाजाला कोण असतं? किती वाजता बसते? जोडी कोणत्या खोलीत ठेवता? शाळा कधीची? मॅडमनी फीपेक्षा आधी हे विचारलं. आणि सांगितलं, पहिले तीन महिने नवीन काही देणार नाही, ना, तिं, धा, धिं, गे आणि तीनतालाचा ठेका, बस. कंटाळेल ती, तयारी ठेवा.

सोडायचं कसं

आता खरी भानगड. शहरात क्लास बदलला की बदलला, कोण विचारतंय. अमळनेरात सर मंगळवारी भाजीबाजारात भेटतात, सखाराम महाराजांच्या वैशाखातल्या यात्रेत भेटतात, आणि इथे तर सर दाजींच्या दुकानाचे गिऱ्हाईक! सरांच्या घरची शेती आहे, जूनमध्ये त्यांनी कपाशीचं बियाणं आणि खत दाजींकडूनच नेलं होतं, उधारीवर, कापूस विकल्यावर द्यायचं अशी आपल्याकडे रीत. म्हणजे सप्टेंबरात पोरगी काढली तर एक तर सरांना वाटणार उधारीचा राग काढला, नाहीतर दाजींना वाटणार आता पैसे अडकले.

दाजींचं म्हणणं होतं काही बोलूच नका, पुढच्या महिन्यापासून पाठवू नका, विचारलं तर तब्येत बरी नाही सांगा. आपल्याकडे बहुतेक जण असंच करतात. ताई म्हणाली ते मला चालणार नाही, पोरगी समोर उभी असताना मी खोटं बोलले तर उद्या ती मलाच तसं सांगेल. महिना पूर्ण होऊ दिला, फी पूर्ण दिली, आणि पोरीला घेऊन सरांच्या घरी गेली, क्लासमध्ये सगळ्यांसमोर नाही. म्हणाली, "सर, हिला आवड तुमच्याकडे लागली. पण हिचा हात दुखतोय, हिला एकटीला हळू शिकवावं लागेल आणि तुमच्याकडे एवढी पोरं, तुम्ही तरी कुठे कुठे बघाल. जळगावला सोय झालीय, तुमचा आशीर्वाद असू द्या." पोरगी पाया पडली.

सरांना लागलं. लागणारच. पण ते जे बोलले तेही चूक नव्हतं. म्हणाले, ताई, नोव्हेंबरच्या सत्राचा प्रारंभिकचा फॉर्म भरून झालाय, पोरगी सहज पास होईल, पहिल्या दोन परीक्षांना लेखी पण नसतं, परीक्षा देऊन मग जा ना कुठे जायचं तिथे, वर्ष कशाला घालवता.

घरी येऊन यावर रात्रभर. दाजी परीक्षेच्या बाजूने, "फी भरेल आहे, फॉर्म भरेल आहे, दोन महिन्यांनी काय बिघडून राह्यलं?" मलाही क्षणभर वाटलं की देऊ द्यावी. ताईने मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, परीक्षा जरूर द्या, मला काही अडचण नाही, पण मग डिसेंबरनंतर या, कारण परीक्षेसाठी ती जुन्याच हाताने जुन्याच वेगात रोज वाजवणार आणि मी इकडे तोच हात मोडून नवीन बसवणार, ही दोन्ही कामं एकाच वेळी होत नाहीत. आणि मध्ये मनगटाला काही झालं तर मी जबाबदार नाही.

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. परीक्षा चांगली का वाईट हा वादच नव्हता. दुखणारा हात अजून दोन महिने त्याच पद्धतीने चालवायचा का, एवढाच प्रश्न होता, आणि तो असा सरळ मांडल्यावर दाजीही गप झाले. मग ताईने पोरीला विचारलं, जे तोपर्यंत आम्हा मोठ्यांपैकी कोणाला सुचलं नव्हतं. ती रडली, कारण तिची मैत्रीण परीक्षा देणार होती. पण तिच्याच तोंडून निघालं की रेला वाजवताना मला भीती वाटते, दुखेल म्हणून. झालं मग. फॉर्मचे पैसे गेले, गेले.

पुढची घडी

शनिवारी सकाळची शाळा सुटली की ताई पोरीला घेऊन सुरत-भुसावळ लाइनची गाडी पकडते, धरणगाव, पाळधी करत तासाभरात जळगाव, गाडी चुकली तर एसटी. हे एक आड एक शनिवारी. मधल्या शनिवारी मॅडम व्हिडिओ मागवतात, दोनच मिनिटांचा, हात आणि खांदा दोन्ही दिसतील असा. फी महिन्याला बाराशे, वर दोघींचं भाडं. दाजींनी पहिल्या महिन्यात हिशोब केला आणि मला फोन करून म्हणाले, एवढ्यात गावात वर्षभराची फी निघते राजा. अतिशयोक्ती होती थोडी, पण खर्च होतो हे खरंय, आणि तो करता येत नाही अशा घराला मी काय सांगू? एवढंच सांगेन की जवळच्या क्लासातही कमी पोरांची बॅच मागून बघावी, सकाळची, कधी कधी मिळते.

रियाज सकाळी वीस मिनिटं. जास्त नको, असं मॅडमनीच बजावलंय. नळाला पाणी येतं त्या दिवशी रियाज बुडतो, ताईने ते मान्य करून टाकलंय, त्यावरून चिडचिड करत नाही. दाजींनी काय केलं तर दुकान उघडायच्या आधी समोर बसून टाळी धरायला लागले. सुरुवातीला त्यांचीच खाली चुकायची आणि पोरगी त्यांना ओरडायची, त्यातून तिचा ताल जेवढा पक्का झाला तेवढा बहुतेक कशानेच नाही. मी चंद्रकंसचा लेहरा पेटीवर वाजवून अगदी संथ लयीत रेकॉर्ड करून दिला, कारण ॲपमधला लेहरा तिला एकदम यंत्रासारखा वाटायचा. ताई महिन्याच्या एक तारखेला तोच एक ठेका मोबाइलवर रेकॉर्ड करते. दाजींना सुधारणा कळायला सर्टिफिकेट लागायचं, आता ते सप्टेंबरचा आणि जानेवारीचा व्हिडिओ एकामागोमाग लावून गिऱ्हाइकाला दाखवतात.

वाद्याचं थोडं सांगायलाच हवं, कारण आपल्या भागात ते वेगळं आहे. पहिली जोडी घेतली ती काळी एक पट्टीची, साडेपाच इंची तोंडाची, लहान हाताला ठीक. ती ठेवली गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. खान्देशातला मे महिना, पारा पंचेचाळिसाला टेकलेला, कोरड्या उष्णतेत कातडं ताणत जातं आणि स्वर चढतो, आणि एक दिवस पुडी (तबल्यावरचं कातडं) कडेने फाटली. नवीन पुडी हजाराच्या आसपास. मग घाबरून जोडी खाली आणून कूलरसमोर ठेवली तर कूलरच्या ओलाव्याने पुडी ढिली, आवाज एकदम बसका! शेवटी दुरुस्तीवाल्याने सांगितलं, उन्हाळ्यात वाजवून झालं की गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) थोडे वर घेऊन ताण कमी करा, जाड कापडात गुंडाळा, आतल्या खोलीत ठेवा, कूलरच्या झोतापासून लांब, आणि पावसाळ्यात याच्या उलट त्रास होईल, तेव्हा पुडीला ओल लागू देऊ नका. बेसूर तबल्यावर पोराचा कान तयार होत नाही, त्यामुळे ही फालतू बाब नाही.

अजून एक तिढा आला, भजनाचा. आजोबा भजनी मंडळात आहेत, एकादशीला नात वाजवणार म्हणून त्यांनी मंडळात सांगूनही टाकलं. तिथे मृदंग मोकळ्या हाताने, जोरात, आणि मॅडमकडे तर आवाज न चढवता एकेक अक्षर घासणं चाललेलं. ताईला वाटलं मॅडम नाही म्हणतील. त्यांनी विचारलं फक्त, किती वेळ वाजवणार? मग म्हणाल्या जाऊ द्या, पण एकच अभंग, भजनी ठेका तेवढा, लग्गी (ठेका सोडून जलद बोल) नाही, आणि दुखलं की थांबायचं, आजोबांनी सांगितलं तरी. पोरीने आजोबांना ही अट स्वतः ऐकवली. आठ मात्रांचा ठेका पाच-सात मिनिटं न हलता धरायचा, टाळ वाढत चालले तरी आपण पळायचं नाही, हे क्लासमध्ये शिकवून येत नाही, ते तिथेच येतं. आजी पण गेल्या होत्या म्हणे, पुढच्या रांगेत.

हात दुखणं दिवाळीच्या सुमारास थांबलं. नोव्हेंबरच्या सत्रात मैत्रीण प्रारंभिक पास झाली, पेढे आले, दोन दिवस भाची फुगून होती. सरांनी दिवाळीनंतर कापूस विकला तशी उधारी चुकती केली, दुकानात आले, दाजींशी कापसाच्या भावाबद्दल बोलले, व्यापारी कसा मापात मारतो त्याबद्दल बोलले, तबल्याचा विषय दोघांनीही काढला नाही. जाताना पोरगी बसली होती तिला म्हणाले, काय गं, ना निघतो का आता? तिने काउंटरवर वाजवून दाखवला. बरा आहे, म्हणाले.

महोत्सवाला यंदा जानेवारीत मॅडम पोरं घेऊन गेल्या त्यात तीही होती. परीक्षेचं मॅडमनी अजून काही ठरवलेलं नाही, एप्रिलच्या सत्राला बघू म्हणतात, घाई दाजींनाही उरलेली नाही, मध्यमापर्यंत दहावीच्या आत होतं ना एवढं मात्र त्यांनी माझ्याकडून दोनदा मोजून घेतलंय.

सध्याची अडचण वेगळी आहे. जूनला ती सहावीत जाईल आणि नवीन शाळेत शनिवार पूर्ण दिवस आहे असं कळतंय. मॅडमच्या रविवारच्या बॅच भरलेल्या. ताईने शाळेत अर्ज करायचं ठरवलंय की महिन्यातले दोन शनिवार अर्ध्या दिवसाने सोडा, आणि ते जमलं नाही तर शुक्रवारी संध्याकाळी पोरीला माझ्याकडे मुक्कामाला आणायचं, शनिवारी पहाटे सहाला क्लास आणि सातच्या गाडीने परत. मॅडम सहाला तयार आहेत. पोरगी उठते का नाही ते बघायचं.